मोटारीचा वेग आणि अनर्थदंड

गृहस्थाच्या जीवनातून हिंसा पूर्णपणे वगळता येत नाही, हे मान्य करूनच जैन आचारशास्त्र श्रावकासाठी, म्हणजे घरसंसार सांभाळून व्रते पाळणाऱ्या उपासकासाठी, नियम घालू लागते. शेत नांगरताना, चूल पेटवताना, घर बांधताना आणि व्यापारासाठी फिरताना जीवांचा घात होतोच. म्हणून दिगंबर परंपरेने हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार केले, त्यांपैकी ठरवून केलेली संकल्पी हिंसा श्रावकाला सर्वस्वी वर्ज्य ठरवली, आणि घरकामात, उपजीविकेत व स्वसंरक्षणात घडणारी उरलेली हिंसा शक्य तितकी कमी करण्याचा भार त्याच्या विवेकावर टाकला. दक्षिण महाराष्ट्रातील कोल्हापूर-सांगली भागात पिढ्यानपिढ्या शेती करत आलेल्या जैन समाजाला हा भेद केवळ ग्रंथात वाचून कळलेला नाही, कारण नांगर धरणाऱ्या हाताला त्याचा रोजच विचार करावा लागतो. या विवेकाने नेमके काय पाहायचे, हे अनर्थदंडविरती नावाच्या गुणव्रतात सांगितलेले आहे. गुणव्रत म्हणजे अहिंसा, सत्य इत्यादी पाच अणुव्रतांना बळ देणारे पूरक व्रत, आणि अनर्थदंड म्हणजे जिच्यातून कोणाचेही कोणतेही प्रयोजन साधत नाही अशी हिंसा.

समंतभद्राचार्यांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या दीडशे श्लोकांच्या ग्रंथात अनर्थदंडाचे पाच प्रकार दिलेले असून त्यांतील प्रमादचर्या हा प्रकार प्रस्तुत विषयाशी थेट जोडलेला आहे. प्रमाद म्हणजे सावधपणाचा अभाव, भान सुटलेली अवस्था. आणि प्रमादचर्येत आचार्यांनी जमीन, पाणी, अग्नी व वायू यांच्याशी निष्फळ खटाटोप करणे, विनाकारण वनस्पती तोडणे, उगाच फिरणे आणि दुसऱ्याला फिरवणे या गोष्टी मोजल्या आहेत. अग्नी, वायू आणि भ्रमण ही तिन्ही या एकाच यादीत आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जैन जीवविचारात अग्नी आणि वायू ही केवळ जड द्रव्ये नसून अग्निकायिक आणि वायुकायिक असे एकेंद्रिय जीव त्यांच्या रूपाने राहतात, आणि पेट्रोल किंवा डिझेलवर चालणारी मोटार जे काही करते ते सारे याच चौकटीत बसते: ती आग पेटवते, त्या आगीच्या बळावर वारा ढवळते आणि माणसाला फिरवते. अग्निकाय-वायुकाय ही कल्पना ज्याला मान्य नाही, त्यालाही प्रयोजन आणि निष्प्रयोजनता यांतील हा भेद वापरता येतो, कारण जळणाऱ्या प्रत्येक लिटर पेट्रोलमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो आणि त्याचा भार इतर माणसांना व प्राण्यांना सोसावा लागतो.

प्रवासच करू नये, असा येथे मुद्दा नाही. एखाद्या प्रवासाचे प्रयोजन मान्य केल्यावर, त्या प्रवासातील वेगाच्या आणि गिअरच्या निवडीमुळे जास्तीचे जे इंधन जळते त्याला कोणते प्रयोजन उरते, एवढाच प्रश्न आहे. प्रश्न लहान दिसतो, परंतु तो सोडवताना यंत्रशास्त्रातील काही गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात. त्या वगळून केलेला नीतिविचार येथे हमखास चुकतो.

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने धावणाऱ्या मोटारीला मुख्यतः दोन विरोधांशी झुंजावे लागते. पहिला टायरांचा विरोध, म्हणजे फिरणारे टायर रस्त्यावर दबताना होणारा ऱ्हास, आणि हा वेग वाढला तरी फारसा बदलत नाही. दुसरा हवेचा विरोध, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की चौपट होतो. मध्यम आकाराच्या मोटारीत हे दोन विरोध ताशी ६० ते ७० किलोमीटरच्या आसपास बरोबरीला येतात; त्याखाली टायरांचे पारडे जड असते आणि त्यावर हवेचे. ताशी १०० किलोमीटरला हवेचा विरोध टायरांच्या दुपटीहून अधिक असतो, म्हणजे महामार्गावर जळणाऱ्या इंधनातून चाकांपर्यंत पोचणाऱ्या शक्तीचा मोठा वाटा हवा बाजूला सारण्यात आणि मागे भोवरे उठवण्यात खर्च होतो. प्रमादचर्येच्या यादीतील वायूचा उल्लेख भौतिकशास्त्राच्या या निष्कर्षाशेजारी ठेवून वाचता येतो, मात्र आचार्यांना वायुगतिशास्त्र ठाऊक होते असला निष्कर्ष त्यातून काढणे हास्यास्पद ठरेल.

तथापि, वेग जितका कमी तितके पुण्य अधिक, असा सरळ हिशेबही येथे लागू पडत नाही. इंजिन चालू असले की ते स्वतःच्या अंतर्गत घर्षणासाठी, पाण्याच्या पंपासाठी, वातानुकूलनासाठी काही इंधन घेतच राहते, मग गाडी हलो वा न हलो. सिग्नलला उभ्या असलेल्या मोटारीचे ॲव्हरेज शून्य असते, आणि ताशी १५-२० किलोमीटरने रखडणारी मोटार हा स्थिर खर्च थोड्याच अंतरावर वाटत असल्याने प्रत्येक किलोमीटरमागे जास्त इंधन खाते. त्यामुळे वेग आणि इंधनखर्च यांचा आलेख दोन्ही बाजूंनी चढणारा, मध्ये खोल असा निघतो, आणि बहुतेक मोटारींत ही खोली वरच्या गिअरमध्ये ताशी ५० ते ८० किलोमीटरच्या दरम्यान कुठेतरी असते. भारत सरकारच्या पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटनेने वाहनचालकांना ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग राखण्याचा सल्ला दिला, तो याच आलेखाच्या तळाजवळचा. येथे एक विसंगती सहज नजरेस येते. जैन मुनी वाहन वापरत नाहीत. ईर्यासमिती, म्हणजे चालताना पुढची चार हात भूमी पाहत सावधपणे पाऊल टाकण्याचा नियम, पाळून ते पायी विहार करतात, आणि त्यांच्या संरक्षणासाठी किंवा सोयीसाठी मागून येणाऱ्या भक्तांच्या मोटारी मात्र पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, म्हणजे यंत्राच्या दृष्टीने सर्वांत उधळ्या अवस्थेत सरकत राहतात. अहिंसेच्या मागून चालण्याने यंत्र अहिंसक होत नाही.

वेगाने जास्तीचे इंधन जाळले तरी त्याच्या बदल्यात काहीतरी मिळते, आणि ते म्हणजे वेळ. म्हणून वेगवान गाडी चालवणाऱ्याचा दंड निखळ अनर्थ आहे असे एकदम म्हणता येत नाही; रुग्णाला घेऊन निघालेल्या माणसाच्या बाबतीत तर ते म्हणणे निर्दयपणाचे होईल. परंतु वेळ आणि इंधन यांच्या या सौद्याचे रूप चमत्कारिक आहे. शंभर किलोमीटर अंतर ताशी ८० च्या वेगाने ७५ मिनिटांत, ताशी १०० ने ६० मिनिटांत आणि ताशी १२० ने ५० मिनिटांत कापले जाते. म्हणजे वेगातील पहिल्या वीसच्या वाढीने पंधरा मिनिटे वाचतात, दुसऱ्या वीसच्या वाढीने दहाच, आणि पुढच्या प्रत्येक वाढीला हा लाभ आटत जातो. याउलट ताशी १०० वरून १२० वर जाताना हवेचा विरोध ४४ टक्क्यांनी वाढतो आणि टायरांचा न बदलणारा विरोध धरूनही मध्यम मोटारीच्या चाकांवरचा एकूण भार सुमारे तीस टक्के चढतो. प्रयोजन उतरत जाते आणि दंड चढत जातो; कुठेतरी असा वेग येतो की त्यापुढे वाचलेल्या मिनिटांना, त्या मिनिटांत नेमके काय करायचे होते हे सांगता येईपर्यंत, प्रयोजन म्हणणे कठीण होते. तो वेग सर्वांसाठी एकच नसतो, आणि म्हणूनच व्रतविचार त्याचा आकडा सांगत नाही. अनर्थदंडव्रताच्या अतिचारांत, म्हणजे व्रताला लागणाऱ्या दोषांत, असमीक्ष्याधिकरण नावाचा एक दोष सांगितलेला आहे: प्रयोजनाचा विचार न करताच गरजेपेक्षा अधिक क्रिया करणे. पुण्याहून मुंबईला निघालेल्या ज्या माणसाने द्रुतगती मार्गावरील वेगाचा विचार केला आणि मग तो निवडला, तो आणि मोकळा रस्ता दिसला म्हणून ज्याचा पाय आपोआप खाली गेला तो, हे दोघे एकाच क्षणी एकाच वेगाने धावत असले तरी या दोषाच्या दृष्टीने वेगळे ठरतात.

भारतीय ग्राहकाला या विचारासाठी जी माहिती मिळते तीही अपुरी असते. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थेत प्रमाणित होणारा आणि जाहिरातीत झळकणारा मायलेजचा आकडा ज्या चाचणी-चक्रावरून दीर्घकाळ काढला गेला, त्यात वेगाची कमाल मर्यादा ताशी ९० किलोमीटरची आहे आणि गिअर कोणत्या वेगाला बदलायचे हेही आखून दिलेले आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० पर्यंत मुभा असताना, त्या वेगाला आपली गाडी किती पेट्रोल खाते याविषयी तो छापील आकडा अक्षरही सांगत नाही.

गिअरची गोष्ट वेगापेक्षा निराळी आहे, आणि तात्त्विक दृष्ट्या ती अधिक उद्बोधक आहे. मोटारीला ठरावीक वेगाने पुढे नेण्यासाठी लागणारी शक्ती इंजिन दोन प्रकारे देऊ शकते: खालच्या गिअरमध्ये जास्त फेरे घेत, प्रत्येक फेऱ्यात थोडे बळ लावून, किंवा वरच्या गिअरमध्ये कमी फेरे घेत, प्रत्येक फेऱ्यात जास्त बळ लावून. पेट्रोल इंजिनात दुसरा प्रकार बहुधा किफायतशीर असतो, आणि त्याची कारणे दोन आहेत. फेरे वाढले की दट्ट्या, बेअरिंग आणि झडपा यांचे घर्षण वाढते. शिवाय थोडेच बळ हवे असताना हवा आत घेण्याच्या वाटेवरची थ्रॉटल नावाची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि त्या अरुंद फटीतून हवा ओढून घेण्यातच इंजिनाची काही शक्ती वाया जाते. चार सिलिंडरांची एखादी लहान मोटार ताशी ६० किलोमीटरने धावत असताना पाचव्या गिअरमध्ये मिनिटाला सुमारे १८०० फेरे घेत असेल, तर तिसऱ्यात तेच फेरे ३००० च्या घरात जातात. चार-स्ट्रोक इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा ठिणगी पडून इंधन पेटते आणि ताशी ६० ला एक किलोमीटर एका मिनिटात होतो. म्हणजे त्याच एका किलोमीटरसाठी पाचव्या गिअरमध्ये ३६०० वेळा आग पेटते आणि तिसऱ्यात ६००० वेळा. तिसऱ्या गिअरमधील प्रत्येक ज्वाळा लहान असते हे खरे, पण त्या सर्व मिळून जाळलेले इंधन जास्तच भरते.

या २४०० जास्तीच्या ज्वाळांनी काय साधले? मोटार एक क्षणही लवकर पोचली नाही, प्रवाशाला अधिक आराम मिळाला नाही, मालाचा बोजा वाढला नाही. वेगाने निदान मिनिटे विकत घेतली जातात. चुकीच्या गिअरने काहीच विकत घेतले जात नाही. ज्या हिंसेच्या बदल्यात कर्त्याचाही लाभ नाही, तिला शास्त्रकारांनी अर्थदंडापासून, म्हणजे सप्रयोजन हिंसेपासून, वेगळी काढून तिच्यासाठी स्वतंत्र व्रत का योजले, हे कळण्यासाठी याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण आहे. सामान्य समजुतीला वाटते की लोभाने केलेले पाप मोठे आणि सहज हातून घडलेले किरकोळ. अनर्थदंडाचा विचार ही उतरंड उलटी करत नाही, पण सहज घडलेल्याला मोकळे सोडतही नाही. कारण लोभाला निदान तृप्तीची सीमा असू शकते, आणि नुसत्या सवयीला तीही नसते. अर्थात वरचा गिअर हेही आंधळेपणाने पाळायचे सूत्र होऊ शकत नाही: चढावर किंवा अगदी कमी वेगात वरचा गिअर ठेवला तर इंजिन गुदमरते, गचके देते, त्याच्यावर अकारण ताण येतो, आणि ओव्हरटेक करताना ऐन वेळी ताकद न मिळाल्याने जीवही धोक्यात येतो. इंजिनाचा आवाज आणि रस्त्याचा चढ-उतार यांच्याकडे सतत लक्ष ठेवून योग्य क्षणी हात हलवणे, एवढेच शेवटी उरते, आणि अप्रमाद याचा अर्थ तरी याहून वेगळा काय असतो!

काटकसर आणि अप्रमाद मात्र एक नव्हेत, आणि घाटातला उतार हा भेद क्रूरपणे दाखवतो. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की इंधन वाचते, अशी समजूत भारतीय चालकांत, विशेषतः मालवाहतूक करणाऱ्यांत, खोल रुजलेली आहे. कार्ब्युरेटरच्या काळात त्या समजुतीत काहीसे तथ्य होते. इलेक्ट्रॉनिक इंधन-इंजेक्शनच्या मोटारीत मात्र गिअर लागलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की उताराने फिरणारी चाकेच इंजिनाला फिरवतात आणि संगणक इंधनाचा पुरवठा जवळजवळ पूर्ण तोडतो; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला थोडे इंधन द्यावेच लागते. म्हणजे बचतीसाठी केलेली युक्ती बचतही करत नाही, आणि इंजिनाचा रोध नाहीसा झाल्याने साऱ्या गाडीचा भार ब्रेकवर येऊन ते तापतात व निकामी होतात. बोरघाटासारख्या लांब उतारावर अवजड वाहनाच्या बाबतीत याचा परिणाम समोरच्या निरपराध माणसांना भोगावा लागतो. येथे इंधनाचा लोभ हाच प्रमाद झाला आहे. ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या करताना प्राणघाताच्या आधी प्रमत्त अवस्थेचा निर्देश येतो, त्या क्रमाचे महत्त्व येथे दिसून येते.

आधुनिक पाश्चात्त्य नीतिशास्त्रात हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने आला आणि काही काळ अडून राहिला. अमेरिकी तत्त्वज्ञ वॉल्टर सिनॉट-आर्मस्ट्राँग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात असे उदाहरण घेतले की, एखादा माणूस रविवारी केवळ मौजेखातर पेट्रोल पिणारी मोठी गाडी घेऊन भटकून आला, तर त्याने नैतिक चूक केली काय? पृथ्वीच्या तापमानवाढीचे संकट त्यांना पूर्णपणे मान्य होते. पण एका फेरीच्या धुराने कोणा एकाही माणसाचे नुकसान झाल्याचे दाखवता येत नाही, आणि म्हणून ज्ञात नीतितत्त्वांपैकी एकही त्या एका फेरीला निःसंदिग्धपणे चूक ठरवू शकत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. व्यक्तीचे खरे कर्तव्य सरकारकडून कायदे करून घेण्याचे आहे, हे त्यांचे पुढचे म्हणणे. जॉन नोल्ट यांनी २०११ मध्ये याला आकडेमोडीने उत्तर दिले: सरासरी अमेरिकी माणसाच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनामुळे भविष्यातील एक किंवा दोन माणसांना गंभीर इजा किंवा मृत्यू येतो, असा त्यांचा अंदाज होता. हे उत्तर लक्षणीय असले तरी ते आयुष्याच्या बेरजेवर उभे आहे. एका फेरीतल्या एका गिअरच्या निवडीपाशी ते पुन्हा मुके होते.

या कोंडीचे मूळ असे की दोन्ही पक्ष दोष परिणामात शोधतात आणि परिणाम इतका सूक्ष्म होतो की तो हाती लागत नाही. अमृतचंद्राचार्यांच्या ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात याच्या नेमका उलट क्रम मांडलेला आहे: सावधपणे वागणाऱ्याच्या हातून नकळत जीवघात झाला तरी ती हिंसा ठरत नाही, आणि प्रमत्त माणसाच्या बाबतीत जीव मरो वा न मरो, हिंसा त्याच्या पुढे धावतच असते. या दृष्टीने रविवारच्या फेरीतील दोष शोधण्यासाठी धुराचा कण कुठे गेला याचा माग काढावा लागत नाही. परंतु या उत्तरालाही एक किंमत आहे, आणि ती लपवू नये. दोष जर सर्वस्वी चित्तात असेल, तर अत्यंत सावध चित्ताने, पूर्ण भान ठेवून, प्रचंड इंधन जाळणारा माणूस निर्दोष ठरेल काय? जैन परंपरा भावहिंसा आणि द्रव्यहिंसा, म्हणजे वृत्तीतील हिंसा आणि प्रत्यक्ष घात, असे दोन पदर मानून भावाला प्राधान्य देते, पण द्रव्याला सोडून देत नाही; प्रत्यक्ष आचाराची पर्वा न करता केवळ शुद्ध भावाचा दावा करणाऱ्याला अमृतचंद्रांनीही अज्ञानीच ठरवले आहे. परिणामाचा विचार राहतो, फक्त दोष सिद्ध करण्याचे एकमेव साधन म्हणून राहत नाही.

गिअर बदलणे हे अप्रमादाचे उदाहरण मानले, तर आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारीने एक नवीच अडचण उभी केली आहे. जुन्या स्वयंचलित गाड्यांत इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, ज्यात एक पंखा तेल ढवळतो आणि त्या तेलाच्या प्रवाहाने दुसरा पंखा फिरतो. या दोन पंख्यांच्या वेगातील तफावत उष्णता होऊन वाया जाते, आणि म्हणूनच स्वयंचलित गाडी जास्त पेट्रोल खाते ही ख्याती एकेकाळी रास्त होती. पुढे ठरावीक वेगानंतर दोन्ही पंखे एकत्र जखडणारा क्लच आला, गिअरांची संख्या वाढली, पट्ट्यावर चालणारे अखंड बदलते गिअर आले, आणि भारतात २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर साध्या हातगिअरलाच यंत्राचा हात लावणारी स्वस्त स्वयंचलित पद्धत सर्वसामान्यांपर्यंत पोचली. आजचा गिअर-संगणक सरासरी चालकापेक्षा अधिक वेळा अचूक गिअर निवडतो. द्रव्यहिंसा त्याने खरोखर कमी होते. मग चालकाचा अप्रमाद यंत्राकडे गेला असे म्हणावे काय?

याचा विचार जैन शास्त्रातील कृत, कारित आणि अनुमोदित या त्रयीने करता येतो: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसऱ्याने केलेल्याला मान्यता दिलेले, अशा तिन्ही प्रकारचे कर्म कर्त्याला चिकटते. यंत्र हा दुसरा कर्ता नाही. त्याला भान नाही, म्हणून त्याला प्रमादही नाही आणि अप्रमादही नाही. त्याने निवडलेल्या गिअरमागे कारखान्यातील अभियंत्याचा विवेक आहे आणि चालकाने तो मान्य केलेला आहे, इतकेच. परंतु तोच अभियंता गाडीत ‘स्पोर्ट’ नावाचे बटणही देतो, जे दाबले की संगणक मुद्दाम खालच्या गिअरमध्ये रेंगाळतो आणि इंजिनाचे फेरे चढे ठेवतो, जेणेकरून पाय दाबताच गाडी उसळावी. पूर्वी जे चालकाच्या अनवधानाने घडत असे, ते आता निवडता येणाऱ्या सोयीच्या रूपाने, वरचे पैसे घेऊन, विकले जाते. येथे निष्काळजीपणाची सबब उरत नाही. कारित आणि अनुमोदित ही दोन्ही रूपे एका बटणात आली आहेत.

वेगाच्या बाबतीत समाजाने व्रताऐवजी कायद्याचा मार्ग एकदा मोठ्या प्रमाणावर चोखाळून पाहिला. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केल्यावर अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये साऱ्या देशासाठी ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८९ किलोमीटर, ही वेगमर्यादा घातली. इंधनाची बचत अपेक्षेच्या मानाने फारच थोडी झाली, कारण लोकांनी मर्यादा सर्रास मोडली. पण रस्त्यांवरील मृत्यूंची संख्या १९७३ मधील सुमारे ५४ हजारांवरून पुढच्या वर्षी सुमारे ४५ हजारांवर आली. तेल स्वस्त होताच मर्यादेमागचे प्रयोजन लोकांना दिसेनासे झाले, १९८७ मध्ये ती शिथिल झाली आणि १९९५ मध्ये रद्द झाली. जर्मनीतही त्याच संकटात काही महिने महामार्गांवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादा होती आणि मार्च १९७४ मध्ये ती उठली. आजही तेथील बऱ्याच महामार्गांवर ताशी १३० हा केवळ सल्ला आहे. ज्या कारणासाठी कायदा केला ते फारसे साधले नाही आणि ज्याचा विचार गौण होता ते साधले, हा इतिहासाचा विनोद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: कायदा वेगाची वरची सीमा आखतो, आणि त्या सीमेच्या आत गिअर कोणता, घाई कशासाठी, याविषयी त्याला काही म्हणता येत नाही.

यापुढचा आक्षेप अधिक गंभीर आहे. इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये ‘द कोल क्वेश्चन’ या पुस्तकात दाखवले की वाफेची इंजिने जशी किफायतशीर होत गेली तसा ब्रिटनमधील कोळशाचा एकूण खप कमी न होता वाढत गेला, कारण स्वस्त झालेली शक्ती अधिकाधिक कामांना लावली गेली. ॲव्हरेज चांगले देणारी गाडी हाताशी आली की कोल्हापूरहून पुण्याला महिन्यातून एकदा जाणारा दोनदा जाऊ लागतो. योग्य गिअरने वाचलेले पेट्रोल जास्तीच्या किलोमीटरांत जळते. एकट्या अनर्थदंडविरतीकडे याचे उत्तर नाही, कारण दुसऱ्या फेरीलाही काही ना काही प्रयोजन असतेच. पण समंतभद्रांनी हे व्रत एकटे सांगितलेले नाही. त्यांच्या तीन गुणव्रतांत अनर्थदंडविरतीच्या एका बाजूला दिग्व्रत आहे, ज्यात श्रावक समुद्र, नदी, डोंगर, देश अशा ओळखीच्या खुणांनी दाही दिशांना सीमा आखतो आणि आयुष्यभर तिच्यापलीकडे न जाण्याचे ठरवतो. दुसऱ्या बाजूला भोगोपभोगपरिमाण आहे, म्हणजे उपभोगाच्या वस्तूंची मर्यादा. शिवाय देशावकाशिक या शिक्षाव्रतात तीच सीमा वर्षापुरती, महिन्यापुरती किंवा पंधरवड्यापुरती आणखी आकुंचित करता येते. किफायतीचा हिशेब दर किलोमीटरचा असतो आणि दिग्व्रताचा एकूण किलोमीटरांचा, आणि जेव्हन्सने दाखवलेली गळती नेमकी या दोन हिशेबांच्या मधून होते. महात्मा गांधींनी १९०९ च्या ‘हिंद स्वराज’मध्ये रेल्वेवर केलेली टीका याहून मूलगामी होती, कारण त्यांना वेगवान साधनच मुळात संशयास्पद वाटत होते; श्रावकाचाराची भूमिका तितकी टोकाला जात नाही आणि म्हणून मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाशी तिला बोलता येते. परंपरा स्वतःही या बाबतीत गोठलेली नाही: श्वेतांबर तेरापंथात आचार्य तुलसींनी १९८० मध्ये समण श्रेणी स्थापून तिला, साधूंना निषिद्ध असलेला, वाहनाचा वापर मोकळा केला.

विजेवर चालणाऱ्या मोटारीने या प्रश्नाचा अर्धा भाग काढून टाकला आहे. तिला बहुधा एकच गिअर असतो, सिलिंडरातील आग नसते, आणि उतारावर पाय काढला की मोटर उलट वीज निर्माण करून बॅटरीत भरते; गिअरच्या चुकीचा निखळ अनर्थदंड तिच्यात संभवतच नाही. हवेचा विरोध मात्र तिच्यातही वेगाच्या वर्गानेच वाढतो, आणि उभे राहताना वाया जाणारी शक्ती अत्यल्प असल्याने तिचा सर्वांत किफायतशीर वेग पेट्रोल मोटारीच्या मानाने बराच खाली सरकतो. ती वीज कोळशाच्या केंद्रातून आली असेल तर आग फक्त नजरेआड गेलेली असते. भाड्याच्या गाडीत मागे बसलेला प्रवासी चालकाला जरा पुढे घ्यायला, घाई करायला सांगतो, तेव्हा कारित दोष त्याचा की चालकाचा, हा प्रश्न गिअर नाहीसे झाले तरी तसाच राहतो, आणि त्याचा निवाडा करताना त्या प्रवाशाला कुठे, कशासाठी आणि कितपत लवकर पोचायचे होते याची चौकशी पुन्हा मुळापासून करावी लागते.